एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

१९९१ सालचा डिसेंबर. पुण्याच्या पूर्व भागातल्या एका चौकात, बंद पानटपरीच्या फळीवर मी पहाटे सहा वाजता जाऊन बसलो होतो. डोक्याला मफलर, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने अडकवलेला छापील तक्ता आणि खिशात दोन पेन्सिली. स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एका कचेरीला वाहनमोजणीसाठी पोरे हवी होती. दिवसाला चाळीस रुपये आणि दोनदा चहा. काम काय, तर समोरून जे जे चाकांवर जाईल त्याची योग्य रकान्यात एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. पंधरा मिनिटे झाली की नवी ओळ. हे रात्री दहापर्यंत, दोन पाळ्यांत.

आठ वाजेपर्यंत मला वाटत होते की इतके सोपे चाळीस रुपये जगात कुणी कुणाला दिले नसतील. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, पेपरवाले, एखादी पीएमटीची बस, मंडईकडे निघालेले टेम्पो. मग कंपन्या आणि कचेऱ्या गाठणारे पुणे घराबाहेर पडले. सिग्नल हिरवा झाला आणि लूना, स्कूटरी, मोटारसायकली यांचा एक लोंढा असा काही अंगावर आला की माझी पेन्सिल रकान्यावर नुसती थरथरत राहिली. तिसऱ्या हिरव्याला मी उठलो आणि पलीकडे उभ्या असलेल्या सुपरवायझरांकडे गेलो. 'साहेब, दुचाक्या मोजता येत नाहीत.'

ते निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, 'अरे, आंबेवाला एकेक आंबा मोजतो का? पाचपाचाने टाकतो ना? तसे डोळ्यांनी पाचपाच उचल. आणि सिग्नल लाल असताना बिड्या ओढणाऱ्यांकडे बघत बसू नकोस, तेव्हाच पुढचा ढीग मोजून ठेव.'

ही विद्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती. पुढची तीस-बत्तीस वर्षे मी याच धंद्यात काढली, आणि आजही गर्दीत उभा राहिलो की डोळे आपोआप पाचपाच उचलू लागतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

संध्याकाळी पोत्यांनी लादलेली हातगाडी टपरीला टेकवून एक हमाल चहा प्यायला थांबला. दिवसभर हा पोरगा काय लिहितो आहे, हे त्याने जाता-येता पाहिले असावे. म्हणाला, 'मास्तर, मला कशात धरलं?' मी हातगाडीचा रकाना दाखवला. तेवढ्यात सुपरवायझर म्हणाले, 'तू म्हणजे दोन मोटारी.' हमाल हसला. 'मग दोन मोटारींचं भाडं द्या की!'

त्याचा विनोद आम्ही चहाबरोबर पिऊन टाकला. पण दोन मोटारी हा आकडा आला कुठून, हा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

त्याचे उत्तर असे. रस्त्यावरून तासाला किती वाहने जातात हे कळले, तरी रस्ता किती भरला आहे हे कळत नाही. शंभर सायकली आणि शंभर बसगाड्या यांची बेरीज दोनशे होते, पण त्या दोनशेला अर्थ नसतो. म्हणून प्रत्येक वाहनाचे मोटारीत रूपांतर करायचे. एक मोटार म्हणजे एक. बाकीच्यांनी मोटारीच्या तुलनेत रस्त्याची किती जागा आणि किती वेळ अडवला, त्यावर त्यांचे वजन ठरवायचे. या मापाला प्रवासी मोटार एकक म्हणतात. धंद्यात सगळे पीसीयूच म्हणतात. हा चलनबदल आहे, असे म्हटले तरी चालेल. डॉलर, येन, रुपये सगळे एकाच चलनात आणायचे आणि मग बेरीज करायची. प्रश्न एवढाच उरतो की विनिमयाचा दर कोण ठरवतो.

आपल्याकडे तो ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींमधून १९३४ च्या डिसेंबरात ही संस्था उभी राहिली. त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात अभ्यासाला बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, देव जाणे. या संस्थेच्या १९९० सालच्या १०६ क्रमांकाच्या पुस्तिकेत शहरी रस्त्यांसाठी तो दर छापलेला आहे. मोटार एक. दुचाकी अर्धी, पण एकूण वाहनांत दुचाक्या दहा टक्के किंवा जास्त असतील तर पाऊण. रिक्षा तुरळक असेल तर १.२, आणि दहा टक्क्यांच्या वर गेली तर सरळ दोन. ट्रक-बस २.२ किंवा ३.७. टांगा दीड किंवा दोन. हातगाडी दोन किंवा तीन. आमच्या चौकात हातगाड्या थोड्या होत्या, म्हणून त्या हमालाच्या वाट्याला दोनच मोटारी आल्या. गावाबाहेरच्या रस्त्यांची पुस्तिका वेगळी, क्रमांक ६४, तीही १९९० चीच. तिच्यात घोडागाडी चार आणि बैलगाडी आठ! लहान बैलगाडी असेल तर सहा.

हा आठाचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो.

मुळात हे शास्त्र बाहेरून आलेले. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या गृहस्थाने रस्त्याकडेला चित्रपटाचा कॅमेरा लावून मोटारींचा वेग आणि त्यांची दाटी यांचे नाते मांडले. दाटी वाढली की वेग उतरतो, हे सरळ रेषेत दाखवले. १९५० साली अमेरिकेत रस्त्यांच्या क्षमतेची पहिली संहिता निघाली. त्या सगळ्यामागे एक चित्र गृहीत आहे: रस्त्यावर पट्टे आखलेले आहेत, प्रत्येक पट्ट्यात मोटारी एकामागे एक, मुंग्यांसारख्या चालल्या आहेत, आणि मधूनच एखादा ट्रक आहे. आपल्याकडे पट्टे आखलेले असतात, पण ते रस्त्याची शोभा वाढवण्यासाठी. वाहने रुंदीभर पसरतात. बस आणि रिक्षा यांच्यामध्ये दोन हात फट दिसली की तिथे स्कूटर शिरते, आणि स्कूटर व फुटपाथ यांच्यामध्ये सायकल.

काँक्रीट कालवताना पाहिले असेल, तर हे लगेच समजेल. घमेलेभर खडी घेतली आणि वर वाळू ओतली, तर वाळू खडीच्या फटींत जाऊन बसते; घमेल्याची पातळी जवळजवळ वाढतच नाही. आपल्या रस्त्यावर दुचाकी ही वाळू आहे. तिचे वजन पाऊण मोटार धरणे म्हणजे वाळूचा प्रत्येक कण खडीवर रचून मोजण्यासारखे आहे.

मोजायची साधनेही त्याच पट्ट्यांच्या जगातली. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायची, चाक गेले की हवेचा दाब बसून आकडा पडतो. एकाच क्षणी तीन दुचाक्या गेल्या तर नळीला एकच धक्का कळतो, आणि गावातली पोरे दुपारभर नळीवर उड्या मारून रस्त्याची वर्दळ वाढवतात ती वेगळीच. दुसरे साधन, डांबराखाली पुरलेले तारेचे वेटोळे. वरून लोखंड गेले की त्याला समजते. पण दोन वेटोळ्यांवर तंगड्या पसरून गेलेली एक मोटार दोन ठरते, आणि मधल्या पट्टीवरून गेलेली मोटारसायकल गेलीच नाही असे ठरते.

ब्रिटनमध्ये वार्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी १९५४ साली एक फार सुंदर पद्धत मांडली. मोजणाऱ्याने एका जागी बसायचेच नाही. जीपमध्ये बसून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. जाताना समोरून आलेली वाहने मोजायची, परत येताना आपल्याला मागे टाकून गेलेली आणि आपण मागे टाकलेली मोजायची. दोन्ही फेऱ्यांचा वेळ लिहायचा. एवढ्यावरून प्रवाह आणि वेग दोन्ही निघतात. कागदावर गणित इतके देखणे की मी त्याच्या प्रेमात होतो. त्यात ड्रायव्हरला एकच सूचना असते, वाहतुकीच्या सरासरी वेगाने चालव. सोलापूर रस्त्यावर आमच्या ड्रायव्हरला मी ती सूचना दिली. त्याने मागे वळून विचारले, 'साहेब, सरासरी कुणाची? सायकलीची का एस.टी.ची?'

याहून नेमका प्रश्न मला नंतर कुठल्या परिसंवादातही ऐकायला मिळाला नाही.

वाचकांना वाटेल की हा अभियंत्यांचा घरगुती वाद आहे. म्हणून एक हिशेब करून दाखवतो. आकडे कल्पनेतले आहेत, पण अशक्य नाहीत. समजा, एका चौपदरी रस्त्यावर गर्दीच्या तासात ३००० दुचाक्या, ६०० रिक्षा, ५०० मोटारी आणि ६० बस जातात. १०६ क्रमांकाच्या पुस्तिकेप्रमाणे दुचाक्यांचे २२५०, रिक्षांचे १२००, मोटारींचे ५०० आणि बसचे १३२. बेरीज ४०८२. अशा प्रमुख रस्त्याची मर्यादा त्याच पुस्तिकेत ताशी ३६०० आहे. म्हणजे रस्ता अपुरा. आता पुढची पाने आपोआप लिहिली जातात: रुंदीकरण, झाडे तोडणे, कडेची दुकाने हलवणे, जमले तर उड्डाणपूल. आता दुचाकीला पाऊणऐवजी फक्त पाव धरा, बाकी काही बदलू नका. बेरीज २५८२. तोच रस्ता, तीच माणसे, तोच चौक, आणि रस्ता चांगला ऐसपैस आहे!

(जाणकार इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. वजन नवे आणि मर्यादा जुनी, अशी सरमिसळ चालत नाही. वजन बदलले की मर्यादाही त्याच वजनाने पुन्हा मोजली पाहिजे. मला दाखवायचे होते ते एवढेच, की एका दशांश अपूर्णांकावर किती झाडे उभी असतात.)

हा अपूर्णांक नीट करण्याचे काम आपल्याच लोकांनी केले. रुरकीच्या सतीश चंद्र यांनी मांडलेली रीत शाळकरी मुलालाही कळेल. वाहन मोटारीपेक्षा किती पट हळू आहे ते पाहा, त्याने रस्त्यावर किती पट जागा व्यापली ते पाहा, आणि दोन्हींचा गुणाकार करा. मोटारीची जागा सुमारे ५.४ चौरस मीटर, दुचाकीची १.२. दोघी एकाच वेगाने चालल्या असतील तर दुचाकी म्हणजे ०.२२ मोटार. पाऊण कुठे आणि हे कुठे! साधारण २४.७ चौरस मीटरची बस मोटारीच्या चाळीसच्या वेगापुढे बत्तीसने चालली, तर तिचे वजन ५.७ च्या आसपास. शिवाय वेग बदलला की वजनही बदलणार. दर एकदा पुस्तकात छापून कायमचा होत नाही, बाजारभावासारखा रोज हलतो. मद्रास आणि दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तर पट्ट्यांचा नाद सोडून रस्त्याच्या तुकड्याचे किती क्षेत्रफळ किती वेळ झाकलेले होते, हेच माप धरले. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ ची भारतीय महामार्ग क्षमता संहिता तयार झाली, तेव्हा आपल्या वाहतुकीला आपली स्वतःची मोजपट्टी मिळाली. १९५० पासून मोजले तर सदुसष्ट वर्षांनी.

माझी एक कुरकुर मात्र शिल्लक आहे. मोजपट्टी आपली झाली, पण एकक अजून मोटारच आहे. वरच्याच हिशेबातल्या साठ बसमध्ये पन्नास-पन्नास माणसे धरली तर तीन हजार माणसे होतात. पाचशे मोटारींत दीड-दीड धरले तरी साडेसातशे. तक्त्यात मात्र बसच्या नावावर १३२ आणि मोटारींच्या नावावर ५००, आणि दोन्ही आकडे वाचताना 'अडथळा' असेच वाचायचे. पुण्यात २००६ च्या डिसेंबरात सातारा रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली, तेव्हा ती रिकामी दिसते अशी ओरड मी कित्येकदा ऐकली. दोन बसच्या मध्ये ती रिकामी दिसणारच. त्या मार्गिकेत इतर चुका पुष्कळ होत्या, पण हा मोजणीचा दोष होता. आणि पायी चालणारा? माझ्या १९९१ च्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. त्याला चाके नव्हती.

आता त्या आठ मोटारींकडे येतो. इतकी वर्षे हे लिहायचे टाळत होतो.

१९९६ साली मी एका लहानशा सल्लागार कचेरीत होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रस्त्याच्या सुधारणेचा अहवाल आमच्याकडे आला. रस्ता साडेपाच मीटर रुंदीचा, कडेला साखर कारखाना. गावाबाहेरच्या रस्त्यावर मोजणी कशी करायची, याची इंडियन रोड्स काँग्रेसची १९७२ सालची पुस्तिका आहे. सलग सात दिवस, चोवीस तास, आणि वर्षातून दोनदा. एकदा सुगीच्या व मालवाहतुकीच्या भरात, एकदा मंदीत. ज्याने हे लिहिले त्याने शेत पाहिले होते. पण अहवाल सप्टेंबरअखेर द्यायचा होता आणि पैसे एकाच मोजणीचे होते. मोजणी झाली ऑगस्टात. मीच करून घेतली. पावसाची झड, कडेला हिरवागार ऊस, आणि बैलगाडीच्या रकान्यात दिवसाला दोन-चार रेघा. त्याही वैरणीच्या गाड्यांच्या.

साडेपाच मीटरच्या रस्त्याची सपाटीवरची मर्यादा दिवसाला ६००० मोटारींची. त्यापुढे सात मीटरचा दुपदरी रस्ता लागतो. आमची बेरीज सहा हजारांच्या आत राहिली. अहवालात लिहिले, रुंदीकरणाची आवश्यकता नाही, डांबराचा नवा थर पुरे. वाक्य माझे आणि अक्षरही माझेच.

पुढच्या वर्षी जानेवारीत दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने रात्री जात होतो. नवा थर गुळगुळीत झाला होता आणि त्यामुळे सगळी वाहने पूर्वीपेक्षा जोरात धावत होती. आणि रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या होत्या, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. तीनशे गाड्या धरल्या तरी आठने चोवीसशे मोटारी होतात, आणि त्या आमच्या बेरजेत नव्हत्या. गाडीला दिवा नाही. मागे लोंबणारा ऊस. साडेपाच मीटरमध्ये गाडीला ओलांडायचे तर समोरच्याला खाली उतरावे लागते, आणि कडेची माती नव्या थराच्या वीतभर खाली गेलेली.

कारखान्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर गर्दी दिसली. एका टेम्पोने मागून टायरगाडीला धडक दिली होती. एक बैल जुवाखालीच मेला होता. दुसरा उभा होता आणि थरथरत होता. गाडीवान बीडकडचा होता. त्याच्या पायाला फडके बांधून त्याला जीपमध्ये घालत होते. त्याची बायको पसरलेल्या उसात काहीतरी शोधत होती. मला वाटले दागिना असेल. तिला कोयता सापडला. तो तिने पदराला पुसला आणि गाडीच्या साटीत नीट ठेवला. कुणीतरी म्हणत होते, 'उचल अजून फिटायची हाय, आता बैल कुठनं आणायचा?'

रस्ता सात मीटरचा असता तर टेम्पो बाजूने निघून गेला असता का? सांगता येत नाही. टेम्पोवाला पेंगत असेल, गाडीला लाल रिफ्लेक्टर असता तर कदाचित वाचली असती. मी माझ्या बाजूने पुष्कळ कारणे गोळा केली आहेत. पण तक्त्यात तो गाडीवान नव्हता, आणि तो नसण्याला मोजणीचा महिना कारण होता, हे काही केल्या बदलत नाही. त्यानंतर हंगामाबाहेरची मोजणी माझ्यासमोर आली की मी पहिल्या पानावर महिना लाल शाईने लिहितो. यामुळे दोन कामे हातची गेली. असो.

पुढे साधने झपाट्याने बदलली. नव्वदीच्या अखेरीस आम्ही एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून रस्त्याचे चित्रण करायचो आणि टीव्हीच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवून, त्यावर चौकटी आखून, फीत पुढेमागे करत वाहने मोजायचो. एका तासाच्या फितीला दोन दिवस लागायचे. आता कॅमेऱ्याला जोडलेला संगणकच वाहन ओळखतो, त्याची जात सांगतो, वेगही सांगतो. चौकातल्या ज्या लोंढ्यापुढे माझी पेन्सिल थांबली होती, तो आता पडद्यावर रंगीत चौकटी घेऊन वाहतो, आणि तो पाहताना मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

गेल्या जानेवारीत एका तरुण अभियंता मुलीबरोबर असाच कॅमेरा लावायला ऊसपट्ट्यातल्या एका रस्त्यावर गेलो होतो. मीच हट्टाने महिना जानेवारी ठरवून घेतला होता. दुपारी पडद्यावर पहिली टायरगाडी आली. संगणकाने तिच्याभोवती हिरवी चौकट काढली आणि वर लिहिले, 'ट्रक'. तिसऱ्या गाडीलाही 'ट्रक'. मुलगी जरा ओशाळली. 'सर, ह्याला बैलगाडीचे फोटो फारसे दाखवलेलेच नाहीत. शिकवावं लागेल.'

'शिकव,' मी म्हटले, 'तीन-चार हजार फोटो आजच मिळतील.'

अंधार पडला तशी हिरवी चौकटही गेली. घुंगरांचा आवाज येत होता, गाडी दहा हातांवरून जात होती, आणि पडद्यावर नुसता रस्ता. मुलीने दोनदा केबल तपासली. मग मी जीपमधून पुठ्ठा काढला, तक्ता अडकवला आणि मैलाच्या दगडावर बसलो. तिने विचारले, 'सर, मी काय करू?' मी तिला दुसरी पेन्सिल दिली आणि पलीकडच्या बाजूच्या गाड्या मोजायला सांगितले.

पहाटे चारला चहा आला, तेव्हा तिच्या पडद्यावरच्या बैलगाडीच्या रकान्यात शून्य होते आणि आमच्या दोघांच्या पानांवर पाचपाचांच्या जुड्यांनी तिसरी ओळ सुरू झाली होती.